दुसऱ्याचा टॅग

सेक्टर २, भिलाई
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रेमानंद,

'सप्रेम नमस्कार' लिहिणार होतो. पण अकरा वर्षांनी एकदम सप्रेम म्हटलं तर तू पत्र तिथेच मिटशील, म्हणून नुसता नमस्कार घे. माझा फोन तू उचलत नाहीस. लिहिलेला कागद मात्र तू कधी न वाचता टाकला नाहीस. तीस वर्षं आमच्या इलेक्ट्रिकल खात्याच्या ऑफिसात टायपिस्ट होतास आणि लोकांचे रजेचे अर्जसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचास. माझी सगळी मदार त्यावर आहे.

कामाचं सांगतो. आपल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातला कॉम्प्युटर तू सोडून गेलास तसाच आहे. त्याच्या प्लगला तांब्याच्या तारेनं बांधलेला तुझा टॅगही तसाच आहे. 'खतरा. काम चालू है. स्विच ऑन न करें.' खाली तुझं नाव, सही आणि तारीख, १२ ऑक्टोबर २०१४. लाल किनार विटून गुलाबी झाली आहे, पण अकरा वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नाही. मंडळात सगळे स्टील प्लांटचे रिटायर लोक. ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, दुसऱ्यानं काढला तर आत काम करणाऱ्याचा जीव जाईल, हे आमच्या हाडीमासी खिळलंय. झाडणारी बाईसुद्धा तेवढा कोपरा सोडून झाडते.

आता सेक्रेटरी नूतन आहे. शाळेत शिकवते, प्लांटचं गेट तिनं बाहेरूनच पाहिलंय. परवा ओढणी कमरेला खोचून आली आणि म्हणाली, "गुलाबकाका, डिसेंबरच्या एंडले रूमले पेंट करून राहिलो आपण. ये डब्बा कबाडीवाले को दे देते हैं."

मी म्हटलं, "त्याच्यावर टॅग हाय."

"मंग काढा ना!"

"माहा नाही तो."

शेवटी ती म्हणाली, रंग द्यायच्या आत टॅग निघाला आणि मशीन चालू झालं तर ठेवू, नाहीतर कबाडी. पोरगी वाईट नाही, फक्त तिला टॅग म्हणजे पुठ्ठा वाटतो.

म्हणून सुपेल्यात अमरदीपच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटर दुरुस्त करतो, माणूस सरळ आहे. म्हणाला, "अंकल, नया विंडोज तो इसमें जाने से रहा. लिनक्स डाल लो. हल्का है, फ्री है, दस साल और खींच देगा." मी समजलो. म्हणजे कॅपिटल रिपेअर! ढाचा तोच ठेवायचा, आतलं चालवणारं सगळं नवं घालायचं. ते तर मी जन्मभर केलंय.

आणि त्या डब्यात तुझी स्मरणिका आहे. दीडशे घरांची पानं. कोण कुठल्या गावाहून भिलाईला आलं, पहिलं काम काय केलं, हे तू घरोघर बसून ऐकलंस आणि टाइप केलंस. लहानूकाका आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. दर रविवारी विचारतात, "माहं पान छापलं का रे?" मी म्हणतो, छपाई चालू आहे.

तेव्हा ये आणि टॅग काढ. अहिवारा काही विलायत नाही, पंचवीस किलोमीटर आहे. तू त्या दिवशी फार चिडला होतास. झालं गेलं.

गुलाब


१८ नोव्हेंबर २०२५

प्रेमानंद,

उत्तर नाही. टपाल रायपूर फिरून येतं असं म्हणून चार दिवस मनाची समजूत घातली. आता समजूत संपली, म्हणून दुसरं पत्र.

तयारी सुरू केली आहे. घाबरू नकोस, टॅगला हात लावला नाही. टॅग असताना मशीन उघडायला बंदी नसते, टॅग असतो तोच त्यासाठी. झाकण काढलं तर आत उंदरानं दिवाळी अंकाच्या कागदाचं घर केलेलं. कुठल्या वर्षाचा अंक ते ओळखण्याइतकं त्यानं ठेवलं नाही. ब्रशनं सगळं झाडलं, पंख्याला तेलाचा थेंब दिला, घड्याळाचा बटनासारखा सेल मेला होता तो बदलला. अमरदीपनं जुन्या मशीनमधली रॅमची एक पट्टी काढून दिली आणि पेनड्राइव्हवर लिनक्स चढवून दिलं. ते कसं घालायचं याची सोळा पानं मी छापून घेतली आहेत आणि तीन वेळा लाल पेन घेऊन वाचली आहेत. पान नऊवर एक ओळ आहे, 'डिस्क पुसा आणि लिनक्स बसवा.' तिच्याभोवती मी तीन गोल केले आहेत. ती ओळ निवडली तर तुझी दीडशे घरं एका मिनिटात भुईसपाट.

वाचनालयाची किल्ली अजून माझ्याकडेच असते. आई गेल्यावर तिच्या तांदळाच्या डब्यात तळाशी एक पितळी चकती सापडली होती, वर ४१७ कोरलेलं. कुठल्या तरी जुन्या कुलपाची असावी. तिला भोक होतं म्हणून किल्ली त्यात अडकवली. ती खिशात वाजली की लहानूकाका ओळखतात की मी आलो.

आईच्या तेराव्याला तू आला होतास. मांडवाच्या शेवटी, पाण्याच्या पिंपाजवळ उभा होतास. मी पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. तू जेवलास की नाही हे सात वर्षं मनात आहे.

आणि त्या दिवशी सभेत मी म्हणालो, "टायपिस्टानं टायपिंग करावं, इतिहास लिहू नये." ते चुकलं. एवढं एक वाक्य मी परत घेतो. बाकीच्याबद्दल मला अजून वाटतं की तू आधी मला विचारायला हवं होतंस.

गुलाब


२७ नोव्हेंबर २०२५

प्रेमानंद,

आज शिव्या द्यायच्या असतील तर दे, मी त्याच लायकीचा आहे. मी बायपास केला.

तुझा टॅग जुन्या वायरच्या प्लगला आहे. कॉम्प्युटरची वायर मागून निघते. मी ती टॅगसकट काढून बाजूला ठेवली आणि अमरदीपकडची दुसरी वायर लावली. चाळीस वर्षांच्या नोकरीत हे काम दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला इन्चार्जसमोर उभा केला असता. टॅग टेबलावर उताणा पडून माझ्याकडे पाहत होता.

मशीन लगेच उठलं. पडद्यावर तारीख आली, १ जानेवारी २००९. म्हणजे त्याच्या मते आपलं भांडण अजून झालेलंच नाही. मी एकटाच हसलो आणि मग रडू आलं, ते का सांगत बसत नाही.

लिनक्स न बसवता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं, ते मी केलं. हिरवट रंगाचा नीटस पडदा आला. बिचारं जुनं मशीन इतकं शांत चाललं की पंख्यावर हात ठेवून पाहिला. स्मरणिकेचं खोकं सापडलं, त्यात इंग्रजी अक्षरांत दीडशे नावं. मी लहानूकाकांचं उघडलं नाही, माझंही नाही. आईचं उघडलं. बायपास त्यासाठीच केला होता, प्रेमा. लिनक्स-बिनक्स नंतर. ज्या पानावरून मी तुला गमावलं, ते पान मी कधी वाचलंच नव्हतं.

आणि ते सडलं आहे. तीन पानं भरून नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे, अर्थ काही नाही. सगळ्यात वरचा शब्द उतरवून घेतला आहे. मोठा एच, के, के, एक्स, एच, जे, मोठा एफ, के, के. दुसरी फाइल उघडली, तिचंही तेच. दहा उघडल्या. अकरा वर्षं बंद राहून डिस्क नासली, की मी बायपास करून नासवली, कळत नाही. ताबडतोब बंद केलं आणि तुझी टॅगवाली वायर परत लावून ठेवली.

आईचे शब्द तुझ्याकडे कागदावर कुठे आहेत का? एवढं तरी सांग. मग नको बोलूस.

गुलाब


अहिवारा
दि. ३ डिसेंबर २०२५

विषय : आपण केलेला बायपास.

श्री. गुलाबराव,

आपली तीन पत्रे मिळाली. वायर मागून निघते हे टॅग लावतानाच माझ्या ध्यानात होते. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कोणाला ते सुचले नाही, याचे नवल वाटते.

फाइली नासलेल्या नाहीत. मी हिंदी टाइपरायटरवर शिकलो. मंडळाच्या कॉम्प्युटरवर त्याच कळांचा जुना फॉन्ट होता. त्यात मशीन आतमध्ये इंग्रजी अक्षरेच साठवते आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. आपल्या लिनक्समध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून आपल्याला नुसती इंग्रजी अक्षरे दिसली. आपण उतरवलेली नऊ अक्षरे मी माझ्या टाइपरायटरच्या त्याच नऊ कळांवर दाबून पाहिली. कागदावर 'भागीरथा' उमटले. तो कागद सोबत जोडला आहे.

तो फॉन्ट कोणत्याही जुन्या दुकानात मिळेल. अमरदीपकडे नक्की असेल. पान वाचायला आपल्याला माझी गरज नाही.

तेराव्याला मी जेवलो होतो. लाडू दोन घेतले.

प्रेमानंद


८ डिसेंबर २०२५

प्रिय प्रेमा,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. 'विषय'वरच मला इतकं हसू आलं की शेजारच्या रीनावहिनी दार वाजवून गेल्या. तुझा कागद समोर भिंतीला लावला आहे. नऊ कळा दाबून तू माझ्या आईला कागदावर आणलंस.

अमरदीपकडे फॉन्ट आहे. त्यानं शोधलासुद्धा, म्हणाला, "दो मिनट का काम है, अंकल, पेनड्राइव्ह दो." पेनड्राइव्ह खिशात होता. मी खिशात हात घातला, चकती हाताला लागली, आणि मी म्हटलं, राहू दे. तिथून चालत घरी आलो.

का, ते सांगतो. आतापर्यंतच्या तिन्ही पत्रांत मी तू चिडलास, तू विचारलं नाहीस, असंच लिहिलं. काय झालं ते एकदाही नीट लिहिलं नाही. आज लिहितो.

सभेत लहानूकाका स्मरणिकेची सूची मोठ्यानं वाचत होते. वाचता वाचता आलं, 'भागीरथाबाई नत्थूजी, रेजा.' मी सेक्रेटरी, समोर चाळीस माणसं. त्या सगळ्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो की माझा बाप फोरमन होता आणि आई घर सांभाळायची, बांधकामावरच्या मजूर बायांसारखी टोपली तिनं कधी उचलली नाही. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "माही माय रेजा नव्हती!" मग तुला म्हणालो, ते पान आत्ताच्या आत्ता पुसून टाक.

आई तिसऱ्या रांगेत बसली होती. हे तुला माहीत आहे, पण आपल्यापैकी कोणी ते कधी उच्चारलं नाही. मी ते चाळीस लोकांसमोर म्हणालो, आणि ती ऐकत होती. घरी जाताना वाटेत ती एवढंच म्हणाली, "गुलाब, दूध घ्याचं हाय, इसरू नोको." पुढे चार वर्षं जगली. एकदाही त्यावरून बोलली नाही. मी तिची माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असं करत ती गेली.

तू टेबलावरच्या पुस्तकात खुणेला ठेवलेला टॅग काढलास, त्यावर सही केलीस, प्लगला बांधलास आणि निघून गेलास. मी सगळ्यांना सांगितलं की तुला अपमान सहन झाला नाही.

मला माफ कर. आईची मागायची राहिली, तुझी राहू देणार नाही.

फॉन्ट मी आणलेला नाही. पान तू लिहिलंस, टॅग तुझा आहे. तू म्हणतोस वाचायला तुझी गरज नाही. आहे. मी आधी दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर सगळ्या फाइली उतरवून घेणार होतो, पण त्यासाठीही मशीन चालू करावं लागेल, आणि बायपास पुन्हा करणार नाही. म्हणून सगळं मांडून ठेवलं आहे आणि थांबलो आहे. रविवारी, १४ तारखेला, दहा वाजल्यापासून मी वाचनालयात असेन. आला नाहीस तर पुढच्या रविवारीही असेन. नूतनला मी सांगितलं आहे की रंग द्यायचा तर त्या टेबलाभोवतून द्या.

तुझा,
गुलाब


सेक्टर २
१५ डिसेंबर २०२५, सोमवार

प्रिय प्रेमा,

कालच भेटलो आणि आज पत्र. पण तू बाहेर गेलास तेव्हा आत काय झालं ते तुला कोण सांगणार?

आधी थोडं आठवून घेऊ दे. मी पावणेदहाला कुलूप उघडायला गेलो तर तू पायरीवर बसलेला, मफलर, पिशवी आणि तोच तुसडा चेहरा. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य म्हणालास, "दहाले बोलावलं, अन् पावनेदहाले येतं. सुधारला वाटते." मी काही पाठ करून आलो होतो, ते सगळं विसरलो.

टॅग सोडताना तार इतकी गंजली होती की पक्कड लागली. तू तो खिशात घातलास, तेव्हा मी म्हटलं, "एवढा राग होता तुले?"

तू म्हणालास, "राग? राग होता, पन टॅग कावून लावला हे तुले अजून समजलं नाही का बाप्पा? तू सेक्रेटरी. पान पुस म्हनलं होतं. मी गेलो असतो तर दुसऱ्या कोनाले पुसाले लावलं असतं. टॅगले आपल्या लोकाईतलं कोनी हात लावत नाही, मले माहीत होतं."

प्रेमा, मी चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. टॅग आतल्या माणसाचा जीव वाचवायला लावतात, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. आत माझी आई होती, हे मला कळलं नाही.

मग आपण कामाला लागलो. फाइली दोन पेनड्राइव्हवर उतरवल्या, तिसरी प्रत तू नूतनच्या लॅपटॉपवर मागितलीस. नूतन म्हणाली, "काका लोग, इतना तो बँकवालेही नहीं करते." पान नऊ आलं तेव्हा तू माझं मनगट धरलंस. 'डिस्क पुसा'च्या खालची ओळ निवडली, विंडोज होतं तेवढाच भाग दिला, स्मरणिकेच्या भागाला धक्का नाही. मग पडद्यानं विचारलं, या कॉम्प्युटरचं नाव काय? नूतन म्हणाली, "कुछ भी डाल दो, मंडळ-वन." लहानूकाका खुर्चीत बसून होते, आणखी पाच-सात जण जमले होते. मी इंग्रजीत एकेक कळ दाबत 'भागीरथा' लिहिलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माह्या मायचं नाव हाय. थे रेजा होती." लहानूकाका म्हणाले, "आमाले माहीतच होतं ना रे. मी तिच्या संग काम केलं." म्हणजे मी इतकी वर्षं कोणापासून लपवत होतो?

पडद्यावरची पट्टी भरत गेली, मशीन एकदा बंद होऊन उठलं, आणि तू फॉन्ट टाकलास. आईचं पान उघडून दिलंस, आणि एकाएकी म्हणालास, "काका, चहा पेऊन येऊ. नूतन, चाल तू बी." खोली रिकामी झाली. मला वाटलं तुला पाहवत नाही म्हणून गेलास.

मी वाचलं. तिचा आवाज तू जसाच्या तसा ठेवला आहेस.

'माहं नाव भागीरथा. लगन झालं अन् दुसऱ्या साली आमी भिलाईले आलो. मालक खलाशी, मंजे हेल्पर, मी रेजा. डोक्शावर गिट्टी वाहिली. माहा नंबर चारशे सतरा. नावानं कोनी हाक मारत नव्हतं, नंबर मारत. गुलाब पोटात होता, सातवा महिना लागेपरेंत वाहिली. थे मोठी चिमनी दिसते ना, तिच्या बुडाशी माही गिट्टी हाय. पोरगा तिथंच नोकरीले लागला. रोज तिच्या खालून जाये. मले लय बरं वाटे.'

किल्ली टेबलावर होती. मी चकती हातात घेतली आणि तिच्यावरचा आकडा पडद्यावरच्या आकड्याशी लावून पाहिला. तिच्या नंबरात मी वाचनालयाची किल्ली अडकवून फिरत होतो.

मग सगळ्यात खाली, तू वेगळ्या ओळीत टाइप केलेलं वाचलं. 'प्रेमा, हे गुलाबच्या समोर लोकाईत वाचू नोको. त्याले लाज वाटते. मायची नाही वाटत, लोकं मायले हसतीन याची वाटते. एकटा असन तवा वाचू दे.'

तेव्हा कळलं तू सगळ्यांना चहाला का नेलंस. सभेत तू ते पान उघडून का दाखवलं नाहीस, तेही कळलं. ही एक ओळ तू तिथे वाचून दाखवली असतीस तर मी तोंड वर काढू शकलो नसतो. तू तिचा शब्द पाळलास आणि अकरा वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यास. तुम्ही परत आलात तेव्हा माझे डोळे लाल होते आणि तू नूतनला म्हणालास, जुन्या मशीनची धूळ फार.

पान छापायचं. एक अक्षर न बदलता, खालची ओळसुद्धा.

आता शेवटचं. पाचच्या बसची घाई म्हणून तू छपाई ठेवून निघालास. लहानूकाका कुरकुरले, "माहं पान?" तू म्हणालास, प्रिंटरची शाई सुकली वाटते. आज सकाळी मी पाहायला गेलो. चाचणीचा कागद काल तूच माझ्यासमोर काढला होतास, स्वच्छ उमटला होता. आणि प्रिंटरच्या प्लगला नव्या तारेनं बांधलेला एक टॅग लटकत होता. 'खतरा. काम चालू है.' खाली तुझं नाव, सही, आणि तारीख कालची नाही, येत्या रविवारची टाकलेली, २१ डिसेंबर.

नूतननं विचारलं, "काका, हे निकालू का?"

मी म्हटलं, "हात लावू नोको. ज्यानं लावला, थोच काढन."

तुझा,
गुलाब